विश्लेषण : ऑलिम्पिक पदक नाही, तरी अख्ख्या डोंगराला नाव! कोण होता स्कीपटू बडी वर्नर?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचे एक गाव आहे. गावाशेजारच्या डोंगराला आधी स्टॉर्म माउंटन म्हणत. १९६५ पासून तो माउंट वर्नर या नावाने ओळखला जातो. ज्या माणसाचे नाव त्याला दिले, तो दोन हिवाळी ऑलिम्पिक खेळला आणि दोन्हीकडून पदकाविना परतला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही त्याला पदक मिळाले नाही. वयाच्या २८ व्या वर्षी, शर्यतींमधून निवृत्ती घेतल्यावर काही आठवड्यांतच तो हिमस्खलनात गेला. तरीही अमेरिकेत पुरुषांच्या अल्पाइन स्कीइंगची गोष्ट सांगायची तर सुरुवात त्याच्यापासूनच होते. हा बडी वर्नर कोण होता, आणि पदकांच्या यादीत तो का सापडत नाही, हे समजून घेऊ.

आधी हा खेळ समजून घेऊ

आपल्याकडे बर्फ म्हटले की गुलमर्ग किंवा औलीची सहल आठवते. त्यामुळे थोडी उजळणी. अल्पाइन स्कीइंग म्हणजे डोंगराच्या उतारावरून पायाला दोन लांब पट्ट्या बांधून खाली घसरत येणे आणि वाटेत रोवलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटमधून, न चुकता जाणे. एक गेट चुकले की स्पर्धक बाद. वर्नरच्या काळात याचे तीन मुख्य प्रकार होते. डाउनहिल हा सर्वांत लांब, सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोकादायक. स्लॅलममध्ये गेट जवळजवळ असतात, सतत वळावे लागते आणि दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते. जायंट स्लॅलम या दोघांच्या मधला.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूल गावच्या प्रसिद्ध डाउनहिल मार्गाची लांबी सुमारे ३.३ किलोमीटर आहे आणि उंचीतला फरक सुमारे ८६० मीटर. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या सूत्रात एवढी उंची घातली आणि घर्षण, हवेचा विरोध शून्य धरला, तर खाली पोहोचताना वेग ताशी ४६७ किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात या मार्गावरचा विक्रम १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा आहे, म्हणजे सरासरी ताशी १०७ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीला सपाट भागात ताशी १०० ची मर्यादा आहे, हे लक्षात घ्या. उरलेली सगळी ऊर्जा हवा, बर्फ आणि स्कीपटूच्या मांड्या खातात. वळणावर थोडे कमी घासले, अंग थोडे जास्त आकसून घेतले, तर वेळ वाचते. पण तितकीच पडण्याची शक्यताही वाढते. वर्नरची सगळी कारकीर्द या देवघेवीवर उभी होती.

दोन हजारांच्या गावातून

वॉलेस जेरॉल्ड वर्नरचा जन्म २६ फेब्रुवारी १९३६ चा. लहानपणीच त्याला बडी हे नाव पडले आणि तेच राहिले. त्या वेळी स्टीमबोट स्प्रिंग्जची वस्ती जेमतेम दोन हजार. गुरे पाळणाऱ्यांचा हा मुलूख. गावाच्या नावाचा किस्सा गमतीचा आहे. तिथल्या एका झऱ्याच्या बुडबुड्यांचा आवाज आगबोटीच्या इंजिनासारखा यायचा, म्हणून समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत असलेल्या या डोंगराळ गावाला आगबोटीचे नाव मिळाले.

गावात स्कीइंग आणले ते कार्ल हाउवेलसन या नॉर्वेजियन माणसाने. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्कशीत स्कीवरून उड्या मारून दाखवणारा हा कलावंत नंतर या भागात स्थिरावला. १९१४ मध्ये त्याने गावात हिवाळी जत्रा सुरू केली. ती आजही भरते. गावाला लागूनच असलेल्या टेकडीला त्याचे नाव आहे. शाळा सुटली की मुले दप्तर टाकून या टेकडीवर जात. जत्रेत शाळेचे बँडपथक स्कीवरून वाजवत जायचे. आपल्याकडे एखाद्या गावात घराघरांत कुस्ती असते, तसे इथे स्कीइंग होते.

वर्नरांच्या घरात तीन मुले. थोरली ग्लॅडिस, तिला सगळे स्कीटर म्हणत. मग बडी, आणि धाकटा लोरिस. तिघेही पुढे अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघापर्यंत पोहोचले. बडी लहानपणी फक्त डाउनहिल शिकला असे नाही. स्की जंपिंगसह सगळे प्रकार त्याने या एकाच टेकडीवर केले. हवेत तोल सांभाळण्याची सवय तिथूनच लागली असावी. वेगवान उतारावर उंचवटा आला की स्कीपटू काही मीटर हवेतच असतो, तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

१९५४ मध्ये, अठरावे सरता-लागता, तो अमेरिकी संघातून युरोपात पोहोचला आणि नॉर्वेतल्या होल्मेनकोलेनच्या शर्यतीत बाजी मारून परतला. स्कीइंगच्या माहेरघरात एका अमेरिकी पोराने जिंकावे, हे तेव्हा अप्रूपच होते.

हंगाम म्हणजे काय? बॅग, आगगाडी आणि पुढचे गाव

तेव्हाचा स्कीपटूचा हंगाम कसा असायचा हे पाहिल्याशिवाय वर्नरचे यशापयश कळत नाही.

डिसेंबरमध्ये सराव. जानेवारी उजाडला की स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत. मग ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची हानेनकाम. त्यानंतर आर्लबर्ग-कांदाहार, जी दर वर्षी वेगळ्या गावी भरायची, कधी ऑस्ट्रियात, कधी फ्रान्स, इटली किंवा जर्मनीत. (कांदाहार म्हणजे अफगाणिस्तानातले कंदाहारच. तिथल्या लढाईवरून उमराव झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स या ब्रिटिश सेनापतीचे नाव एका करंडकाला मिळाले, त्याचा हा वारसा.) मार्चमध्ये गरज पडली तर नॉर्वे. मग अटलांटिक ओलांडून घरी, आणि अमेरिकेतल्या शर्यती व राष्ट्रीय स्पर्धा. एप्रिलपर्यंत हेच.

प्रत्येक ठिकाणी पहिले काही दिवस डोंगर समजून घेण्याचे. स्कीपटू मार्गावरून हळू उतरतो, कुठे बर्फ कडक आहे, कुठल्या उंचवट्यानंतर लगेच वळण आहे, हे डोक्यात साठवतो. रात्री स्कीच्या कडांना धार लावायची आणि उद्याच्या तापमानाचा अंदाज घेऊन तळाला मेण लावायचे. मेण चुकले की शर्यत गेलीच. सुरुवातीचा क्रमांकही महत्त्वाचा असतो. आधी उतरणाऱ्याला गुळगुळीत मार्ग मिळतो आणि नंतरच्यांना खड्डे. शर्यत दोन-अडीच मिनिटांची. ती संपली की सामान बांधायचे आणि पुढची दरी गाठायची.

युरोपातल्या स्पर्धकांना हे सगळे त्यांच्या अंगणात होते. अमेरिकेत तेव्हा कायमस्वरूपी राष्ट्रीय संघ अशी व्यवस्थाच नव्हती. मोठी स्पर्धा जवळ आली की मुले जमवायची, संघ तयार करायचा आणि पाठवायचा. त्यात हौशी खेळाडूचा नियम अत्यंत कडक होता. बक्षिसाची रक्कम नाही, जाहिरात नाही. हा नियम किती टोकाचा होता, ते १९७२ मध्ये दिसले. ऑस्ट्रियाचा कार्ल श्रांझ व्यावसायिक हितसंबंधांच्या कारणावरून सापोरो ऑलिम्पिकमधून थेट बाहेर काढला गेला. वर्नरच्या काळात हा दबाव तितकाच होता, आणि घरापासून चार-चार महिने लांब राहणाऱ्याला तो अधिक जाचत असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आज स्कीइंगमध्ये वर्ल्ड कप आहे. हंगामभराच्या डझनावारी शर्यतींचे गुण जमतात आणि शेवटी विजेता ठरतो. म्हणजे आयपीएलसारखी गुणतालिका. वर्नरच्या काळी असे काहीच नव्हते. वर्ल्ड कप सुरू झाला १९६७ मध्ये. त्याआधी हंगामात पाच शर्यती जिंकल्या तरी त्यांची बेरीज कुणी करत नसे. अधिकृत पदक मिळवायची संधी दोन वर्षांतून एकदा, एकदा ऑलिम्पिक आणि एकदा जागतिक स्पर्धा अशी आलटून पालटून. ऑलिम्पिकच्या वर्षी तिथलाच निकाल जागतिक स्पर्धेचाही धरला जाई. म्हणजे दोन हिवाळ्यांचे काम, आणि निकाल लागणार काही मिनिटांत. त्या मिनिटांत पाय घसरला तर पुढची संधी ७३० दिवसांनी.

कॉर्तिना १९५६ : झायलरच्या सावलीत

इटलीतले कॉर्तिना २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमुळे पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. तिथले पहिले ऑलिम्पिक १९५६ चे. २० वर्षांच्या वर्नरचे ते पदार्पण. बहीण स्कीटरही त्याच संघात होती. तिने महिलांच्या डाउनहिलमध्ये दहावा क्रमांक मिळवला, बडी पुरुषांच्या डाउनहिलमध्ये अकरावा आला.

ते ऑलिम्पिक एकट्या टोनी झायलरचे होते. किट्झब्यूलच्या या तरुणाने अल्पाइनची तिन्ही सुवर्णपदके जिंकली. जायंट स्लॅलममध्ये त्याने दुसऱ्या क्रमांकाला तब्बल ६.२ सेकंदांनी मागे टाकले. ज्या खेळात शंभराव्या भागावरून पदक ठरते, तिथे ६ सेकंद म्हणजे कसोटीत डावाने विजय. झायलर व्यवसायाने पत्र्याचे काम करणारा कारागीर होता, आणि ऑस्ट्रियात तो रातोरात सिनेमातल्या नायकासारखा झाला. पुढे तो खरोखरच सिनेमात गेला.

दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, ऑस्ट्रियातल्याच बाड गास्टाइनला जागतिक स्पर्धा झाली. झायलरने पुन्हा तीन सुवर्णपदके नेली. वर्नर स्लॅलममध्ये चौथा आणि जायंट स्लॅलममध्ये पाचवा. पदकाच्या इतक्या जवळ तोवर कुठलाही अमेरिकी पुरुष आलेला नव्हता. अमेरिकेच्या महिलांनी मात्र आधीच करून दाखवले होते. ग्रेचेन फ्रेझरने १९४८ मध्ये एक आणि अँड्रिया मीड लॉरेन्सने १९५२ मध्ये दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती. पुरुषांची पाटी कोरी होती, आणि ती भरणार तर वर्नरच, असे सगळे धरून चालले होते.

त्याच्या शैलीत मधला मार्ग नव्हता. तो जिंकण्यासाठी उतरायचा आणि त्या नादात अनेकदा पडायचा. सुरक्षित पाचवा क्रमांक त्याला नको असायचा. हे वाचायला भारी वाटते, पण ज्या व्यवस्थेत दोन वर्षांतून एकच दिवस मोजला जातो, तिथे ही शैली परवडत नाही. त्याला सरसकट ‘दुर्दैवी’ ठरवले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. यात नशीब होते, पण निवडही होती.

किट्झब्यूल, जानेवारी १९५९

हानेनकामची डाउनहिल हा या खेळातला सर्वांत मानाचा आणि सर्वांत भीतीदायक डोंगर. मार्गाचे नाव श्ट्राइफ. स्टार्ट गेटमधून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच उताराचा एक भाग येतो, त्याचे नाव माउझेफाले, म्हणजे उंदीर पकडायचा सापळा. तिथला उतार ८५ टक्के आहे. १०० मीटर पुढे गेलात की ८५ मीटर खाली. तुलनेसाठी, घाटात रस्त्याचा चढ ८-१० टक्के झाला तरी ट्रक हाशहुश करतात. सापळ्यावरून स्कीपटू अक्षरशः हवेत फेकला जातो आणि खाली टेकताच पुढचे वळण समोर असते.

या मार्गावर तेव्हा आजच्यासारखी सुरक्षा जाळी नव्हती. पायात चामड्याचे, नाडीचे बूट. बूट स्कीला जोडणारी बाइंडिंग पडल्यावर सुटेलच याची खात्री नाही. ती सुटली नाही की पायाला लांब तरफ बांधल्यासारखे होते. स्की एका दिशेला पिळते, शरीर दुसऱ्या दिशेला जाते, आणि मधे नडगीचे हाड असते.

जानेवारी १९५९ मध्ये, झायलरच्याच गावात, वर्नरने ही शर्यत जिंकली. हानेनकामची डाउनहिल जिंकणारा तो पहिला अमेरिकी. हा विजय किती मोठा होता, हे पुढच्या आकड्यावरून कळेल. त्यानंतर ही डाउनहिल जिंकणारा दुसरा अमेरिकी, डॅरन राल्व्हस, उगवला तो २००३ मध्ये. मधे ४४ वर्षे.

या हंगामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. किट्झब्यूलनंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९५९ मध्ये, जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनला आर्लबर्ग-कांदाहारच्या डाउनहिलमध्ये कॅनडाचा जॉन सेमेलिंक पडून मृत्युमुखी पडला. तो विशीतला होता. याच मुलांबरोबर वर्नर गावोगाव फिरत होता. तरीही कारवां थांबला नाही. पुढच्या गावी पुढची शर्यत झालीच.

हातातले ऑलिम्पिक कसे गेले?

१९६० चे हिवाळी ऑलिम्पिक अमेरिकेतच होते, कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीला. वर्नर २३ वर्षांचा, हानेनकामचा विजेता, आणि खेळ मायदेशात. झायलर चित्रपटांकडे वळल्याने स्पर्धेतून बाहेर झालेला. अशी जुळणी कारकिर्दीत एकदाच होते.

डिसेंबर १९५९ मध्ये कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला सराव करताना त्याचा पाय मोडला. ऑलिम्पिकला जेमतेम दहा आठवडे उरले होते. आजची शस्त्रक्रिया, आजची फिजिओथेरपी असती तरी एवढ्यात डाउनहिलला उभे राहणे अवघडच. तेव्हा तर प्लास्टर आणि वाट पाहणे एवढेच हातात होते.

त्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी पुरुषांना अल्पाइनचे एकही पदक मिळाले नाही. महिलांनी तीन रौप्यपदके मिळवली, पेनी पिटूने दोन आणि बेट्सी स्नाइटने एक. पुरुषांची डाउनहिल फ्रान्सच्या जाँ व्हुआर्नेने धातूच्या स्कीवर जिंकली. गुडघे वाकवून, पाठ सपाट करून अंड्यासारखी मुटकुळी करण्याची त्याची पद्धत मग सगळ्यांनी उचलली. वर्नरचा पाय धड असता तर निकाल बदलला असता का, हा प्रश्न अमेरिकी स्कीइंगमध्ये वर्षानुवर्षे घोळत राहिला.

बॉब बीटी आणि नवी पोरे

१९६१ मध्ये बॉब बीटी अमेरिकेच्या अल्पाइन संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. तो कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाचाही प्रशिक्षक होता. वर्नर तिथेच शिकायला आणि खेळायला आला. बीटीचा मूळ पिंड अमेरिकन फुटबॉलचा. त्याने स्कीपटूंना फुटबॉलपटूंसारखे उन्हाळ्यातही पळवायला, वजने उचलायला लावले. एकेकटे फिरणाऱ्या खेळाडूंचा त्याने संघ बांधला.

या संघात वर्नर वडीलधारा. पंचविशी ओलांडलेला, स्वतःही स्कीपटू असलेल्या व्हांडाशी लग्न झालेला. त्याच्याभोवती विशीतली पोरे : व्हरमाँटचा बिली किड, कॅलिफोर्नियाचा जिमी ह्यूगा. संघातल्या चक फेरिसने १९६२ मध्ये किट्झब्यूलचीच स्लॅलम जिंकली. कुठल्या गावात कुठला उतार दगा देतो हे वर्नरला पाठ होते, आणि या पोरांना तो अनुभव आयता मिळत होता.

इन्सब्रुक १९६४ आणि त्याच मैदानातला एक भारतीय

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला त्या वर्षी ऐन ऑलिम्पिकमध्ये बर्फच पडला नाही. ऑस्ट्रियाच्या लष्कराने उंचावरून हजारो घनमीटर बर्फ वाहून आणून मार्गांवर पसरला. २५ जानेवारीला डाउनहिलच्या सरावात ऑस्ट्रेलियाचा १९ वर्षांचा रॉस मिल्न मार्गाबाहेर फेकला गेला आणि गेला.

३० जानेवारीच्या पुरुषांच्या डाउनहिलमध्ये एक भारतीयही होता. पोलिश वंशाचा जेरेमी बुजाकोव्स्की, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय. तो शिकला वर्नरच्याच कोलोरॅडोत, डेन्व्हर विद्यापीठात. त्याला ती शर्यत पूर्ण करता आली नाही. वर्नर सतराव्या क्रमांकावर राहिला. जायंट स्लॅलममध्ये तो बाद ठरला.

उरली स्लॅलम. ८ फेब्रुवारी १९६४. सुवर्ण ऑस्ट्रियाच्या पेपी श्टीगलरला. त्याच्यामागे अवघ्या ०.१४ सेकंदाने बिली किड आणि तिसरा जिमी ह्यूगा. अमेरिकी पुरुषांची अल्पाइनमधली पहिली पदके आली ती एकदम दोन. ज्याच्याकडून ही पाटी भरण्याची दहा वर्षे अपेक्षा होती, तो आठव्या क्रमांकावर होता.

ऑलिम्पिकनंतर उरलेला हंगाम खेळून त्याने शर्यती थांबवल्या. आणि एप्रिलमध्ये पुन्हा युरोप गाठला, या वेळी स्टॉपवॉचशिवाय.

वाल सेलिनमध्ये काय घडले?

विली बोगनर हा जर्मनीचा आघाडीचा स्कीपटू. त्याच्या घराण्याचा क्रीडा कपड्यांचा मोठा व्यवसाय. त्याला स्कीइंगवर चित्रपट काढायचा होता, आणि त्यासाठी त्याने युरोप-अमेरिकेतले नावाजलेले स्कीपटू जमवले होते. त्यात वर्नर होता आणि जर्मनीची २३ वर्षांची बार्बी हेनेबर्गरही. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये स्लॅलमचे कांस्यपदक जिंकलेली ही खेळाडू बोगनरची प्रेयसी होती.

१२ एप्रिल १९६४. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झजवळची वाल सेलिन ही दरी. हिमस्खलनाचा इशारा होता, तरी चित्रीकरण सुरू झाले. उतार सुटला. वर्नर पहिल्या लाटेच्या पुढे वेगाने निसटला, असे सांगितले जाते. पण दुसऱ्या बाजूने आणखी एक लोट आला आणि त्यात तो सापडला. हेनेबर्गरही गाडली गेली. दोघांचे मृतदेह काही तासांनी सापडले.

हिमस्खलन म्हणजे भुसभुशीत बर्फ घरंगळणे, असे आपल्याला वाटते. सर्वांत घातक प्रकार वेगळा असतो. बर्फाचे थर एकावर एक साचतात. मधला एखादा थर कमकुवत, साखरेसारखा सुटा राहतो. त्यावर घट्ट थर बसतो, लादीसारखा. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर माणसाच्या वजनाने ही लादी तडकते आणि एका झटक्यात अख्खा उतार निघतो. अनेकदा ती सापडणाऱ्याच्याच वजनाने तडकते. खाली थांबलेला बर्फ काही क्षणांत इतका आवळून बसतो की बोटही हलवता येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. आज अशा उतारांवर जाणारा प्रत्येक जण अंगावर रेडिओ संदेश देणारे छोटे यंत्र बांधतो, ज्यामुळे सोबत्यांना जागा सापडते. ते यंत्र पहिल्यांदा तयार झाले १९६८ मध्ये. वर्नरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

स्वित्झर्लंडमध्ये बोगनरवर खटला चालला. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याबद्दल त्याला दोषी धरून दोन महिन्यांची शिक्षा झाली, ती निलंबित स्वरूपाची. उतारावर उतरणारे सगळे जगातले निष्णात स्कीपटू होते, बर्फ वाचायला शिकलेले. मग जबाबदारी कुणाची? न्यायालयाने ती बोलावणाऱ्यावर टाकली. माझ्या मते ते योग्यच होते. कॅमेरा लागला, माणसे जमली, दिवसाचा खर्च सुरू झाला की ‘आज नको’ म्हणण्याची ताकद फक्त आयोजकाकडे उरते. बोगनरने पुढे चित्रपट पूर्ण केला. नंतर जेम्स बाँडच्या चित्रपटांमधली स्कीवरची थरारक दृश्ये टिपण्यासाठी तो जगभर ओळखला गेला.

मग डोंगराला नाव कशासाठी?

१९६४ मध्येच वर्नरचा अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. स्टीमबोटजवळ स्टॉर्म माउंटनवर १९६३ मध्ये नवे स्की केंद्र उघडले होते. गावाला पर्यटनाचे दिवस नुकते येऊ लागले होते. १९६५ मध्ये डोंगराचे नाव बदलले. नंतर गावातल्या सार्वजनिक वाचनालयालाही त्याचे नाव मिळाले. बिली किड १९७० मध्ये जागतिक विजेता झाला, मग व्यावसायिक झाला, आणि राहायला आला तो व्हरमाँटला नव्हे, स्टीमबोटला. वर्षानुवर्षे तो डोक्यावर काउबॉय टोपी घालून पर्यटकांना माउंट वर्नरवरून स्कीइंग करत खाली आणायचा.

अमेरिकेतल्या स्की केंद्रांवर लहान मुलांच्या शर्यतींची बडी वर्नर लीग चालते. त्यात उतरणाऱ्या बहुतेक मुलांना हा माणूस कोण, हे ठाऊक नसते.

बाकी राहिली ती बेरीज. जानेवारी १९६७ मध्ये वर्ल्ड कप सुरू झाला, तो तिघांच्या पुढाकाराने : फ्रेंच पत्रकार सर्ज लांग, फ्रान्सचा प्रशिक्षक ओनोरे बोने आणि अमेरिकेचा बॉब बीटी. म्हणजे वर्नरचाच प्रशिक्षक. तेव्हापासून वेंगेनला मिळालेले गुण किट्झब्यूलला सोबत येतात, आणि एका दिवशी घसरलेला पाय पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. भारताचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलमला ४५ वा आला, तोही छोट्या-मोठ्या शर्यतींमध्ये गुण जमवत पात्र ठरूनच.

किट्झब्यूलला हानेनकामच्या माथ्यावर नेणारा रोपवे आहे. त्याच्या पाळण्यांना तिथल्या विजेत्यांची नावे दिली आहेत. श्ट्राइफच्या स्टार्ट गेटकडे जाणारे स्पर्धक याच पाळण्यांत बसून वर जातात. त्यांतल्या एकावर १९५९ च्या विजेत्याचे नाव आहे.